सायकलीला दुसऱ्याचं कुलूप दिसलं तर तिथून हलू नका

संध्याकाळी गाडीतून उतरून स्टेशनच्या सायकल स्टँडवर आलात आणि आपल्या कुलपाशेजारी आणखी एक अनोळखी कुलूप दिसलं, तर 'कुणीतरी चुकून लावलं असेल' असं म्हणून घरी जाऊ नका. एवढं एकच वाक्य वाचून कुणी पुढचं सोडून दिलं तरी माझी हरकत नाही. माझी सायकल अशीच गेली. आणि ती गेल्यावर 'तुमची सायकल सापडली' म्हणणाऱ्या एका माणसाने वरून पैसेही काढले. कसे, तेही सांगते, कारण पहिल्यापेक्षा दुसऱ्या सापळ्यात जास्त लोक अडकतात असं आता मला वाटायला लागलंय.

स्टेशनवरच्या सायकली चोरांना का आवडतात हे आधी समजून घ्यायला हवं. बाजारात सायकल लावून गेलेला माणूस पाच मिनिटांत परत येईल की तासाभराने, हे चोराला माहीत नसतं. स्टेशनवर तो प्रश्नच नाही. सकाळची गाडी पकडून गेलेला माणूस संध्याकाळशिवाय परतत नाही, आणि तोही रोज त्याच गाडीने. जागाही बहुतेक ठरलेलीच असते. म्हणजे कुठली सायकल किती वेळ बेवारस असणार याचं वेळापत्रक आपणच त्याच्या हातात देतो. पोलिसांची अडचणही इथूनच सुरू होते. ब्रिटनच्या रेल्वे पोलिसांनी 2025 मध्ये उघडच सांगितलं, की स्टेशनबाहेर दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवलेल्या सायकलीच्या चोरीचा तपास ते सहसा करणार नाहीत. इतक्या तासांचं सीसीटीव्ही चित्रण बघत बसणं त्यांना परवडत नाही. आता नोकरीला जाणारा माणूस दोन तासांत परत कसा येणार, हे त्यांनाच ठाऊक.

तर, त्या दिवशी मी उतरले तेव्हा अंधार पडला होता. माझ्या केबल लॉकच्या वरून एक जाड काळी साखळी, फ्रेममधून आणि स्टँडच्या नळीतून ओवलेली. कुलूप जुनं नव्हतं, चांगलं दणकट होतं. शेजारच्या सायकलवाल्याचा गोंधळ झाला असावा असं वाटण्यासारखंच ते लावलेलं होतं: माझी आणि शेजारची, दोन्ही सायकली एकाच साखळीत. नुसत्या माझ्याच सायकलीला साखळी असती तर शंका आली असती. दोन्ही एकत्र असल्यामुळे ती घाईत झालेली गफलत वाटली. तिथे उभा असलेला एक माणूस म्हणालाही, "ताई, असं होतं कधीकधी. सकाळी येईल तो, काढेल." तो सामील होता की खरंच वाटसरू होता, देव जाणे.

स्टँडच्या खिडकीवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "कुलूप तुमचं नाही, मग मी कसं तोडू? उद्या तो माणूस येऊन माझ्याशी भांडेल." त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. सायकल माझी आहे हे दाखवायला त्या क्षणी माझ्याजवळ काय होतं? माझ्या कुलपाची किल्ली. त्यांच्या लेखी तेवढं पुरेसं नव्हतं.

सकाळी शेजारची सायकल जागेवर होती. माझी नव्हती. काळी साखळीही नव्हती. खाली माझं केबल लॉक पडलेलं, आणि त्याचं तुटलेलं टोक मी उचलून नीट पाहिलं. वरचं प्लॅस्टिक एका रेषेत कापलेलं, आतल्या बारीक तारा झाडूसारख्या विस्कटलेल्या. घासल्याची खूण नाही, भुगा नाही. म्हणजे करवत लागलीच नाही, मोठ्या कटरने एका दाबात काम झालं. मग त्याने दिवसाच का नाही नेली? दिवसा माणसं असतात, कटर बाहेर काढला की कुणीतरी बघतं. रात्री कुणी नसतं, पण रात्री आपली सायकलही तिथे नसते. त्यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे ती साखळी. सायकल रात्रभर तिथेच राहील याची सोय त्याने करून ठेवली, आणि घरी मी स्वतःच्या पायांनी चालत गेले. शेजारची सायकल फक्त देखाव्यापुरती होती.

तक्रार द्यायला गेले तेव्हा अर्धा वेळ हद्दीत गेला. स्टँड स्टेशनच्या आवारात की रस्त्यावर, यावरून रेल्वेचे पोलीस आणि शहराचे पोलीस एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यामुळे पहिल्या तक्रारीतच जागा नीट लिहून द्या: कुठल्या फाटकाच्या आत, कुठल्या रांगेत. सीसीटीव्हीचं चित्रण कायम ठेवलं जात नाही, काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. म्हणून ते राखून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. आमच्याकडे कॅमेरा होता, पण तो पैसे घेण्याच्या खिडकीकडे वळवलेला. सायकलींवर नाही, गल्ल्यावर.

आणि पावती. स्टँडची पावती आपण कधी उलटून वाचत नाही. मागे बारीक अक्षरात छापलं होतं की वाहन मालकाच्या जबाबदारीवर ठेवावं, चोरी वा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. समोर मोठ्या अक्षरात 'सुरक्षित पार्किंग'. पैसे जागेचे घेतले जातात आणि राखणीचा आव आणला जातो, हीसुद्धा फसवणूकच आहे, फक्त ती छापील असते.

स्टँड खरोखर सुरक्षित आहे की नाही हे ओळखायची माझी आता एकच कसोटी आहे: बाहेर पडताना कुणी विचारतं का? आत येताना पावती फाडणारे सगळीकडे असतात. पण सायकल बाहेर नेताना पावतीवरचा क्रमांक आणि सायकल जुळवून पाहिली जात नसेल, तर ते नुसतं छप्पर आहे. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त स्टेशनखाली 12,500 सायकलींचं पार्किंग 2019 मध्ये पूर्ण झालं. लोक त्याचा आकडा सांगतात, पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की आत जाताना कार्ड टेकवून नोंद होते तशी बाहेर पडतानाही होते, आणि तिथे कर्मचारी असतात. जपानमध्ये तर काही ठिकाणी सायकल माणसाच्या हाती लागतच नाही. यंत्र ती ओढून जमिनीखालच्या गोल विहिरीत ठेवतं, एका विहिरीत 204 सायकली, आणि कार्ड दाखवल्याशिवाय ती वर येत नाही. असं काही आपल्याला मिळेल तेव्हा मिळेल. पण दाराशी क्रमांक जुळवायला यंत्र लागत नाही, एक माणूस पुरतो.

आता दुसरी फसवणूक. सायकल गेल्यावर मी तिचा फोटो, रंग, कंपनी, खुणा आणि माझा फोन नंबर सगळीकडे टाकला. मैत्रिणींनीही पुढे पाठवला. काही दिवसांनी फोन आला. आवाज शांत, घाई अजिबात नाही. "मॅडम, तुमच्या सायकलीच्या डाव्या मुठीला निळी टेप आहे का? कॅरिअरचा एक बार वाकलाय का?" अंगावर काटा आला. त्याने सांगितलं की भंगारवाल्याकडे अशी एक सायकल आलीय, तो ती खोलायच्या बेतात आहे, थोडे पैसे देऊन थांबवता येईल, टेम्पोचं भाडं वेगळं. मी फ्रेम नंबर विचारला तर म्हणाला, सायकल इतर मालाखाली दबलीय, उतरवली की बघून सांगतो. फोटो मात्र लगेच पाठवला. फोटोत माझीच सायकल होती, मागे पत्रे. मी पैसे पाठवले.

दुसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा तो फोटो मोठा करून पाहिला. साखळी डाव्या बाजूला दिसत होती. सायकलीची साखळी आणि दातेरी चक्र उजव्या बाजूला असतं, जगात जवळपास प्रत्येक सायकलीचं. माझीही तशीच. त्याने मीच टाकलेला फोटो आरशासारखा उलटवला होता आणि मागचं दृश्य बदललं होतं. निळी टेप, वाकलेला बार, सगळं त्याला मीच सांगितलेलं होतं. त्याच्याकडे सायकल कधीच नव्हती. मी साखळीबद्दल विचारताच फोन कट, नंतर नंबर बंद.

म्हणून हरवल्याची जाहिरात देताना एखादी खूण मुद्दाम मागे ठेवा. सीटखाली चिकटवलेलं काही, ब्रेकच्या वायरीला बांधलेला दोरा, काहीही. आणि फ्रेम नंबर तर कधीच पूर्ण छापू नका. तो बहुतेक सायकलींवर पॅडलचा आस जातो त्या आडव्या नळीच्या बुडाला कोरलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही. ज्याच्याकडे खरंच सायकल आहे त्याला तो वाचायला अर्धं मिनिट पुरतं. नंबर सांगत नाही पण पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही. पैसे 'मिळवण्यासाठी' कोड स्कॅन करा म्हणणाराही त्यातलाच. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

हा नंबर सायकल असतानाच लिहून ठेवलेला हवा. माझ्याकडे बिल होतं, त्यावर नंबर नव्हता. आता मोबाइलमध्ये नंबराचा फोटो, बिलाचा फोटो आणि सायकलीबरोबरचा माझा फोटो एकत्र आहे. परकं कुलूप दिसलं तर हेच दाखवून, स्टँडवाल्यासमोर किंवा पोलिसांना बोलावून ते तोडून घ्यावं लागतं. त्या रात्री तोडायला कुणीच तयार नसेल तर निदान सायकल चालवण्याजोगी ठेवू नका. पुढचं चाक खटक्याने निघत असेल तर काढून घरी न्या, सीट न्या, आणि स्वतःचं आणखी एक मजबूत कुलूप घाला. लोक हसतील, हसू द्या.

कुलपाबद्दल थोडक्यात: केबल एकट्याने वापरण्याची गोष्ट नाही. लोखंडी यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या दांड्याचं कुलूप घ्या, ते मागचं चाक, फ्रेम आणि स्टँड असं तिन्ही धरेल असं लावा. महागड्या नावाला भुलू नका. 2004 मध्ये एका नामांकित कंपनीची गोल किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडताहेत हे जगाने पाहिलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. धातू कापणाऱ्या ग्राइंडरपुढे बहुतेक कुलपं हरतात, पण त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत. आणि कुलूप लावण्याआधी स्टँडची नळी हाताने गदागदा हलवा. आधीच कापून वर टेप किंवा स्टिकर चिकटवलेली नळी चोरांची जुनी युक्ती आहे. कुलूप शाबूत राहतं आणि सायकल जाते. बोल्टवर बसवलेला स्टँड असेल तर नट सैल आहेत का तेही बघा.

माझ्या तक्रारीचं पुढे काही झालेलं नाही. फोनवाल्याची तक्रार वेगळी दिली, तीही तशीच आहे. स्टँडवर मात्र आता एक पाटी लागली आहे: 'सायकलीला अनोळखी कुलूप आढळल्यास त्वरित खिडकीवर कळवावे.' खिडकी शेवटची गाडी यायच्या आधीच बंद होते.