कागदी काँकॉर्ड की कागदी सुखोई?

ए-फोर आकाराच्या साध्या कागदातून खऱ्या विमानाची प्रतिकृती घडवायची झाल्यास काँकॉर्ड आणि सुखोई-३० एमकेआय यांपैकी कागदाला अधिक मानवते ते काँकॉर्ड. १९७६ ते २००३ या काळात प्रवासी वाहतूक करणाऱ्या या विमानाला शेपटीकडचे आडवे पंख नव्हतेच, त्यामुळे त्याचा त्रिकोणी पंख कात्री न लावता निव्वळ घड्यांतून साधतो. खऱ्या काँकॉर्डमध्ये ध्वनीहून अधिक वेग घेताना इंधन मागच्या टाकीत पंपाने ढकलून तोल सांभाळला जाई. कागदात तोलाचे काम नाकाशी साचलेले घड्यांचे थर करतात. विमान नाक खुपसून पडू लागले, तर पंखाची मागची कड नखाने दोन-तीन मिलिमीटर वर वळवावी, म्हणजे ते सरळ तरंगत जाते. मात्र कड जास्त वळली की ते वर उसळून धपकन खाली येते.

सुखोईचे प्रकरण निराळे आहे. भारतात ज्याची बांधणी नाशिकजवळच्या ओझर येथे झाली, त्या या लढाऊ विमानाला दोन उभ्या शेपट्या, मागे आडवे पंख आणि पुढे कॅनार्ड म्हणजे छोटे आडवे पंख असल्यामुळे कागद कापल्यावाचून गत्यंतर नसते, आणि कापलेल्या जागी कागद मऊ पडून डाव्या-उजव्या बाजूंत फरक राहतोच. टेबलावर तिचा रुबाब काही औरच दिसतो, हे मान्य. पण हातातून सुटल्यावर ती बहुधा एका अंगाला कलते. गॅलरीतून उडवायला मी काँकॉर्डच करतो. सुखोई पुस्तकांच्या कपाटावर ठेवतो.