निगेटिव्ह घरी स्कॅन करायच्या आहेत? फ्लॅटबेड, फिल्म स्कॅनर की कॅमेरा

खोक्यावरचा डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके टिपतो त्याचा) आकडा पाहून स्कॅनर घेऊ नका. आधी आपल्या फिल्म बाहेर काढा आणि ३५ मिमी किती, १२० (मध्यम फॉरमॅटची रुंद फिल्म) किती, रंगीत किती, कृष्णधवल किती, ते पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेडवर, म्हणजे काचेवर ठेवून स्कॅन करायच्या सपाट स्कॅनरवर, ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं. चाचणी-पट्टी स्कॅन करून मोजलं, तर खरा तपशील १६००च्या आसपास मिळतो. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमीची; तेवढ्यातून जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल निघतात. ५ × ७ इंची प्रिंट छान येते, त्याहून मोठी केली की फोटो मऊ दिसू लागतो. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय या फिल्म स्कॅनरचा दावा ७२००चा, हाती येतात सव्वातीन हजार. निम्म्याहूनही कमी, तरी त्याच फ्रेममधून १४ मेगापिक्सेल मिळतात आणि १० × १५ इंची प्रिंट निर्धास्त काढता येते. सगळं ३५ मिमीच असेल, तर मी प्लस्टेकच घ्या म्हणेन.

मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. होल्डर प्रत्येक फ्रेमला हाताने पुढे सरकवायचा, म्हणजे शेजारी बसून राहणं आलं. व्ही६००मध्ये १२ फ्रेम एकदम लावून दुसऱ्या कामाला लागता येतं. शिवाय १२० फिल्म प्लस्टेकमध्ये जातच नाही. फ्लॅटबेडवर ६ × ६ची फ्रेम त्याच १६०० डीपीआयने १२ मेगापिक्सेल देते, कारण फ्रेमच मोठी आहे. मध्यम फॉरमॅटवाल्यांनी फ्लॅटबेडला कमी लेखू नये.

जुन्या रंगीत निगेटिव्हसाठी मला डीपीआयपेक्षा इन्फ्रारेड महत्त्वाचं वाटतं. फिल्ममधल्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, धूळ आणि ओरखड्यांपाशी अडतात. त्यावरून डाग नेमके कुठे आहेत ते सॉफ्टवेअरला कळतं आणि ते भरून निघतात. एरवी एकेक ठिपका हाताने पुसत बसावं लागतं, त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जाते. व्ही६०० आणि ८२००आय दोन्हींत ही सोय आहे, प्लस्टेक ८१००मध्ये नाही. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर मात्र तिचा उपयोग नाही, कारण चांदीचे कण इन्फ्रारेडही अडवतात. इलफर्डची एक्सपी२ सुपर रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाते आणि तिच्यात चांदी उरत नाही, म्हणून ती अपवाद. कोडाक्रोम या जुन्या स्लाइड फिल्मवरही ही सफाई भरवशाची नाही. फक्त कृष्णधवलच करायचं असेल, तर ८१०० पुरे.

रोल ढीगभर असतील आणि कॅमेरा व १:१ मॅक्रो लेन्स (फ्रेम सेन्सरवर मूळ आकारात टिपणारी) हाताशी असेल, तर स्कॅनर न घेताही काम होतं. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा ३५ मिमीच्या फ्रेमवर सुमारे ४२०० डीपीआय देतो आणि फ्रेम क्षणात टिपली जाते. पण कॅमेरा आणि फिल्म अगदी समांतर हवेत, फिल्म सपाट राहायला हवी, खालचा दिवा रंग नीट दाखवणारा, ९५च्या पुढे सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेला हवा. इथे इन्फ्रारेड नाही, म्हणून धूळ आधीच ब्लोअरने उडवावी लागते. निगेटिव्हचा नारिंगी थर काढून रंग उलटवायला निगेटिव्ह लॅब प्रोसारखं सॉफ्टवेअर लागतं.

छोटा पडदा असलेले झटपट स्कॅनर बहुतेक फक्त जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल देतात. फोनवर नातेवाइकांना फोटो पाठवायचे असतील तेवढ्यापुरते ठीक. निकॉनच्या कूलस्कॅन या फिल्म स्कॅनरचं नाव अजून आदराने घेतलं जातं, पण त्यांचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे आणि त्यातल्या ९००० मॉडेलला फायरवायर ही जुनी जोडणी लागते. जुनं यंत्र दुरुस्त करून देणारा माणूस माहीत असेल, तरच त्या वाटेला जा.