जपानी, चिनी आणि इंडोनेशियन मोती : काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानी अकोया (हे एका कालवाचे नाव) मोत्यांचा सर, चिनी अकोयाच्या कुड्या आणि इंडोनेशियात पिकवलेल्या सोनेरी मोत्याचे पदक असे तीन दागिने गेल्या उन्हाळ्यापासून मी आलटूनपालटून घालते आहे. तिन्ही मोती खाऱ्या पाण्यातलेच. तरीही देशानुसार पडणारा फरक दुकानातल्या दिव्याखाली जाणवला नव्हता, तो वापरात जाणवला.

जपानी सराचे पाणी आजही तसेच तरतरीत आहे. मिए आणि एहिमे परगण्यांतला समुद्र हिवाळ्यात थंडावला की आत ठेवलेल्या मण्यावर कालवाचा थर चढवण्याचा वेग मंदावतो, चढणारे पापुद्रे पातळ आणि नेटके बसतात, आणि म्हणूनच मोती तिथे थंडीत काढले जातात. या मोत्यांत खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. मात्र अकोयाला ब्लीच करून गुलाबी छटा देण्याची रीत सर्रास असल्यामुळे त्या गोऱ्यागुलाबी रंगाचे सगळे श्रेय मी समुद्राला देणार नाही.

कुड्यांबद्दल समाधान कमी आहे. ग्वांगडोंग आणि ग्वांगशीच्या किनाऱ्यावर पाणी उबदार असते, तिथला माल बऱ्याचदा वर्षाच्या आतच काढला जातो आणि थर पातळ राहतो. माझ्या कुड्यांतला एक मोती बोटांत धरून सावकाश फिरवला, की आतल्या मण्याचे पट्टे आळीपाळीने उजळतात आणि मालवतात. भिंगातून पाहिले तर वेजाच्या कडेला थर किंचित उडालेला असून खालचा खडूसारखा पांढरा मणी उघडा पडला आहे. (हा मणी अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातील गोड्या पाण्याच्या शिंपल्याचा असू शकतो, म्हणजे ‘चिनी’ मोत्याचा बराचसा ऐवज अमेरिकनही असेल!) केसांचे तेल आणि अत्तर कानाशी लागतेच, पातळ थराला ते सोसत नाही.

पदकाबद्दल तक्रार नाही. पिंक्टाडा मॅक्सिमा हे कालवच मोठे, त्यात मोती सुमारे दोन वर्षे वाढतो आणि थर सहसा मिलिमीटरहून जाड भरतो. त्याची झळाळी जपानी मोत्याइतकी आरशासारखी नाही, ती आतून आल्यासारखी मऊ आहे. पण घाम आणि प्रवास सोसूनही पृष्ठभागावर ओरखडा दिसत नाही. सोनेरी मोती रंगवलेलेही विकले जातात, त्यामुळे वेजाभोवती रंग साचला आहे का, हे घेण्यापूर्वीच पाहून घेतले होते.

तरीही केवळ देशाच्या नावावर पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लवकर काढलेला जपानी मोतीही पातळच निघतो, आणि चीनमध्ये जास्त काळ ठेवलेला माल चांगला मिळू शकतो. जपानी अकोया महागण्यामागे २०१९ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर मेलेली लहान कालवेही आहेत. त्या वाढीव किमतीचा थराच्या जाडीशी संबंध नाही. विक्रेत्याने ‘जपानी’ म्हटले, की मोती जपानच्या समुद्रातला आहे की फक्त तिथे निवडून ओवलेला आहे, एवढे बिलावर लिहून मागावे. सर मात्र पटवेकऱ्याकडून प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून पुन्हा ओवून घेतला, कारण पावसाळ्यात रेशीम सैल पडले होते, आणि तो दोष कोणत्याच देशाचा नव्हता.