वांग, टॅन अन काळी मान: ज्येष्ठमधाचा लेप, कोरफड, कुंकुमादि तेल की लिंबू? नागपूरच्या उन्हात नेमकं काय निवडायचं

मे महिना लागला की इकडे घरोघरी एकच विषय निघतो, चेहरा काळवंडला, आता काय लावू. मग कोणी लिंबू सांगतं, कोणी जायफळ उगाळायला लावतं, कोणी कुंडीतली कोरफड तोडून देतं, तर कोणी कुंकुमादि तेलाची महागडी बाटली घेऊन येतं. माझं मत आधीच सांगून टाकते. घरचंच करायचं असेल तर ज्येष्ठमध अन मंजिष्ठा (लालसर औषधी मुळी) यांचा लेप निवडा, कोरफड सोबतीला असू द्या, कुंकुमादि फक्त कोरड्या त्वचेवाल्यांनी घ्यावं आणि तेही हिवाळ्यात, अन लिंबू चेहऱ्याला लावूच नका.

पण त्याआधी डाग कोणता हे पाहा, कारण सगळा घोळ इथेच होतो. दुपट्टा न बांधता गाडी चालवली अन हात-चेहरा सरसकट काळा झाला तर ते टॅन, उन्हापासून जपलं तर काही आठवड्यांत आपोआप उतरतं, त्यासाठी फार खटाटोप नको. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर नकाशासारखे तपकिरी पट्टे आले तर ते वांग, हे बरेचदा गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी येतं आणि उन्हाने वाढतं, अन गेलं तरी पुन्हा यायला टपलेलं असतं (गरोदरपणातलं बरेचदा डिलिव्हरीनंतर काही महिन्यांत फिकं होतं, तेव्हा घाई करू नका). पिंपल फोडल्यावर राहिलेला डाग वेगळा, तो हळूहळू जातो पण नवीन पिंपल थांबले पाहिजेत. आणि मान किंवा काख मखमलीसारखी जाड होऊन काळी पडली असेल तर तो मळ नाही हो, लोक बिचाऱ्या मुलींच्या मानेला सोडा अन लिंबू घासून घासून साल काढून राहिले, ते बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं, तिथे लेप नाही तर शुगर तपासायची आणि वजन पाहायचं. कपाळ अन कानशिलं काळी पडत असतील तर केसांचा डाय आधी बंद करून पाहा.

आता लेपाचं. ज्येष्ठमधात ग्लॅब्रिडिन नावाचा घटक असतो, त्वचेत रंग तयार करणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम आहे त्याला तो आवर घालतो, म्हणून डॉक्टर लिहून देतात त्या कितीतरी क्रीममध्येही ज्येष्ठमधाचा अर्क दिसतो. आयुर्वेदात वांगाला व्यंग म्हणतात, सुश्रुतसंहितेत ते क्षुद्ररोगांत, म्हणजे लहानसहान आजारांत येतं, आणि अष्टांगहृदयात व्यंगावर मंजिष्ठा मधात कालवून लावायला सांगितलंय. चरकाने रंग उजळवणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गट दिलाय त्यातही चंदन, वाळा, सारिवा यांच्याबरोबर ज्येष्ठमध अन मंजिष्ठा दोन्ही आहेत, लिंबू त्यात कुठेच नाही. म्हणजे जुनं शास्त्र अन नवी लॅब ज्येष्ठमधावर तरी एकाच बाजूला आहेत, मला यातलं हेच सगळ्यात पटतं.

करायचं कसं तर इतवारीत जडीबुटीच्या दुकानातून दोन्ही मुळ्या घ्या किंवा चांगल्या कंपनीची पावडर घ्या, पण वस्त्रगाळ पाहिजे, जाडीभरडी पावडर चेहऱ्यावर घासली तर त्या खरवडण्यानेच डाग वाढतो. एक चमचा ज्येष्ठमध, अर्धा चमचा मंजिष्ठा, त्वचा कोरडी असेल तर दूध किंवा मध, तेलकट असेल तर गुलाबजल. पंधरा मिनिटं ठेवा, पार वाळून तडकायच्या आत ओल्या हाताने सोडवून धुवा, आठवड्यात दोन-तीनदा पुरे. मंजिष्ठाने थोडी लाली येते, ती उतरते, घाबरू नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहायचंच, नैसर्गिक वस्तूचीही ॲलर्जी होते.

कोरफडीकडून डाग घालवायची फार अपेक्षा ठेवू नका. तिचं खरं काम थंडावा देणं अन कोरडेपणा कमी करणं, आणि उन्हातून आलेल्या भाजल्यासारख्या चेहऱ्याला ते खूप बरं वाटतं. फक्त पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो तो पूर्ण गळू द्या, त्याने खाज सुटते. फुकटात मिळते, जवळपास सगळ्यांना चालते, म्हणून सोबतीला ठेवा म्हटलं.

कुंकुमादि तेल वाईट नाही, त्यात केशर, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, लाख अशी चांगली द्रव्यं असतात, पण त्याचा पाया तिळाचं तेल. ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात, घाम चालू असताना, तेलकट चेहऱ्यावर रात्रभर तेल ठेवलं तर पिंपल उठतात अन पिंपलचे नवे डाग पडतात, हे माझ्या जावेच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. कोरडी त्वचा असेल तर दिवाळीनंतर रात्री तीन-चार थेंब लावा, छान काम करतं. केशर काय भावाने मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा अगदी स्वस्तातली बाटली घेताना विचार करा.

जायफळ दुधात उगाळून लावायची पद्धत आज्यांपासून चालत आली आहे, ग्रंथांतही आहे, पण ते तिखट आहे, नाजूक त्वचेची आग होते. मसूर डाळीचा लेप त्यापेक्षा सौम्य. संत्र्याच्या सालीची पावडर तर आपल्याकडे गच्चीगच्चीवर वाळत असते, पण सालीतल्या तेलाने बऱ्याच जणांना खाज येते आणि पावडर खरखरीत राहते, डागांवर तरी मी नाही सुचवणार. बटाट्याचा रस लावला काय न लावला काय सारखंच.

लिंबाला एवढा विरोध काहून तर आपल्या त्वचेपेक्षा लिंबाचा रस कित्येक शेकडोपट आंबट असतो, आणि लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात अन मागे पहिल्यापेक्षा काळा डाग राहतो. नागपूरच्या उन्हात हा धोका कशाला घ्यायचा.

आणि एक गोष्ट, वरचं काहीही निवडा, ऊन अडवलं नाही तर सगळं वाया. आपल्याकडे मुली गाडीवर दुपट्टा घट्ट बांधतात ते अगदी बरोबर आहे, त्याच्या आतून एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, दोन बोटांवर येईल एवढं, बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्या, कारण वांगाला दिसणारा उजेडही चालत नाही.

आता सगळ्यात काळजीचं. पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणारी, लेबल नसलेली, आठ दिवसांत गोरं करणारी क्रीम, आयुर्वेदिक म्हणून विकली तरी घेऊ नका बाई. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि पारा किडनीवर जातो, आपल्याच विदर्भात अकोल्यातली तशी बातमी २०२३ मध्ये गाजली होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडवाली ट्यूबही तसलीच, सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते, अन सोडली की डाग दुप्पट जोमाने परत येतात.

लेपाला दोन-तीन महिने द्या, त्वचेचा वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो तर आठवड्यात निकाल कुठून येणार. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीजवळ फोटो काढत जा म्हणजे फरक कळतो. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, डाग पसरून राहिला, किंवा एखादा तीळ आकार-रंग बदलत असला तर घरचं थांबवा. आयुर्वेदच पाहिजे असेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत दाखवा, नाहीतर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या त्वचारोग विभागात जा, आणि आतापर्यंत चेहऱ्याला काय काय लावलं त्या सगळ्या ट्यूब अन पावडरींचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, डॉक्टर पहिले तेच विचारतात.