न्यूरोत एमपीटी: फी किती, हातात येतं किती

बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षातल्या मुली सारखं विचारतात की एमपीटीला (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) फी किती लागते आणि नंतर हातात किती येतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजातून न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचा विषय) घेऊन एमपीटी केलं. राहते कळव्यात, काम ठाण्यात.

कोर्स २ वर्षांचा, फी वर्षाला ३ लाखांच्या वर. केईएम, नायर अशा पालिकेच्या कॉलेजांत फी कितीतरी कमी, पण जागा मोजक्या. सीईटीत तिथे नंबर लागला तर दुसरा विचारच करू नका. फीपत्रकात न दिसणारा खर्च वेगळाच: डेझर्टेशनचं (प्रबंधाचं) स्टॅटिस्टिक्स, छपाई-बायंडिंग, कॉन्फरन्स, टेपिंगचे वर्कशॉप. त्यात माझे ६० हजार गेले. प्रवेशाच्या वेळी तोंडी सांगितलेला स्टायपेंड निम्माच मिळाला, तोही उशिरा. सकाळची ओपीडी आम्हा पीजींच्याच (एमपीटीच्या विद्यार्थ्यांच्याच) जिवावर चालायची, म्हणून हे मला अजून खटकतं. आकडा लेखी मागा.

६ लाखांचं कर्ज काढलं. शिकत असताना व्याज बाबा महिन्याच्या महिन्याला भरत होते, म्हणून रक्कम फुगली नाही. १० टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी हप्ता १० हजारांच्या आसपास बसतो.

आता कमाई. बीपीटीवर क्लिनिकमध्ये १८ हजार मिळायचे, आता पाचपाखाडीच्या क्लिनिकमध्ये ३२ हजार. खरा आधार होम व्हिजिटचा. घोडबंदर रोडला पॅरालिसिसच्या पेशंटकडे ७०० रुपये व्हिजिट. एजन्सीमार्फत गेलं तर त्यातले ३०० एजन्सीचे. डॉक्टरांकडून थेट पेशंट यायला वेळ लागतो. व्हिजिटचे महिन्याला २० हजार सुटतात, पण पेशंट गावी गेला की तेवढे पैसे बंद.

तरी मी एमपीटी करा असंच सांगेन. कासारवडवलीच्या, पॅरालिसिस झालेल्या एका काकांचा खांदा सतत दुखायचा. घरचे त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचे. मी शेक-मशीन बाजूला ठेवलं आणि आधी त्यांच्या मुलाला उठवायला शिकवलं: बाबांचे पाय मागे घ्या, त्यांना पुढे वाकू द्या, कमरेचा पट्टा धरा, हाताला ओढू नका. बसल्यावर हाताखाली उशी. काही आठवड्यांत दुखणं बरंच उतरलं. बीपीटीला हे पुस्तकात होतंच. पण वॉर्डात आमच्या मॅडम शेजारी उभ्या राहून माझी पकड स्वतःच्या हाताने सुधारायच्या, तेव्हा ते खऱ्या अर्थाने अंगात मुरलं. त्यांच्यासाठी भरलेली फी मला जड वाटत नाही.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि ऑडिटोरियम सोडा, सकाळी वॉर्डात चक्कर मारा. न्यूरोचे पेशंट किती आहेत, पीजीजवळ शिक्षक थांबतात का, ते बघा. जमलं तर आधी वर्षभर नोकरी करा. कुठला विषय घ्यायचा ते पेशंट हाताळतानाच कळतं.