मॉडेल रेल्वे: एचओ की एन?

भाच्याला दिवाळीनंतर घर बदलायचंय आणि मॉडेल रेल्वेही आत्ताच हवीय. एचओ आणि एन ही अशा गाड्यांची दोन मापं; एचओ घेऊ की एन, हा त्याचा घोळ.

जागा: एचओ म्हणजे 1:87 (खऱ्या गाडीच्या 87व्या भागाएवढी), रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. 18 इंची त्रिज्येचं साधं वर्तुळही तीन फुटांहून जास्त जागा खातं. एन 1:160, अंतर 9 मिमी. अडीच फुटी फ्लश डोअरवर अख्खी लूप मावते आणि सामान हलवताना तेच दार उभं करून टेम्पोत जातं.

हाताळणी: इथे एचओ सरस. एनचा डबा रुळावर चढवताना माझ्या चाळिशीची परीक्षाच! धूळही त्याला लवकर नडते. नव्या घरातलं सुतारकाम संपेपर्यंत खोकं उघडूच नये.

खर्च: स्वस्त कुठलंच नाही.

घरात लहान मूल, शिवाय हक्काची खोली मिळणार असेल, तर एचओ. पुन्हा बिऱ्हाड हलणार असेल किंवा लांबलचक गाडी वळताना पाहायची हौस असेल, तर एन. भाच्याचं नवं घरही भाड्याचंच आहे.