गंजलेली पेट्रोल टाकी: सीलर किट, झाळ की नवी टाकी?

मोटरसायकलच्या गंजलेल्या टाकीला आतून लावायचा दोन भागांचा घट्ट होणारा लेप, म्हणजे एपॉक्सी, ज्याला दुकानदार ‘टँक सीलर किट’ म्हणतात, ते आता रत्नागिरी, कुडाळलाही ऑनलाइन मागवून सहज मिळतं. माल चांगला आहे. पण सोबतचा कागद २४-२५ अंश तापमान आणि कोरडी हवा धरून लिहिलेला असतो. आपल्याकडे तो जसाच्या तसा पाळला तर बऱ्याच टाक्या वर्षभरात पुन्हा गाळ सोडतात. म्हणून हे परीक्षण किटचं आणि कोकणी हवेचं मिळून आहे.

आधी टाकी या लायकीची आहे का ते बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाला तांबूस पूड, वेगात असताना गाडी दम तोडते आणि दोन मिनिटं उभी केली की पुन्हा चालते, ही खूण. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा आवाज कर्कश होतो. टाकी काढा, कॉक (पेट्रोल सोडायची तोटी) आणि फ्लोट युनिट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) सोडवा, मोबाइलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाचा कॅमेरा, आत घाला. तांबूस पावडर असेल तर काम सोपं. पापुद्रे सुटत असतील तर तळ बाहेरून तपासा. भोकं बहुधा दोन जागी पडतात. एक, कॉकच्या बाजूचा सगळ्यात खोल भाग, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तिथेच बसतं. दुसरी, सीटखालची मागची शिवण. तिथे रबराच्या बुशखाली खारी माती अडकते आणि पत्रा बाहेरून आत खात जातो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबून बघा. पत्रा आत गेला तर किट मागवू नका. एपॉक्सी टाचणीएवढं भोक बुजवतं, पत्र्याची जागा घेत नाही.

पाणी आत येतं कुठून, हे शोधल्याशिवाय पुढचा खर्च वायाच. खोलगट झाकणाच्या गाड्यांत झाकणाभोवतीच्या खाचेतून एक बारीक नळी टाकीच्या पोटातून खाली उतरते, पावसाचं पाणी बाहेर सोडायला. ती चिखलाने तुंबली की खाच भरते आणि पाणी झाकणाच्या कडक झालेल्या रबरातून आत झिरपतं. नळीच आत गंजून फुटली असेल तर पाऊस थेट पेट्रोलमध्ये. खाचेतल्या भोकात थोडं पाणी सोडा, खालून आलं पाहिजे. ते टाकीत उतरलं तर ती टाकी बाद धरा, कारण आतली नळी बाहेरून दुरुस्त होत नाही. दुसरं कारण चाकरमान्यांच्या गाड्यांचं. गणपतीला आणि शिमग्याला सुरू होणारी, एरवी पडवीत अर्ध्या टाकीवर उभी. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार पत्र्यावर दव धरते. त्यात हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते ओल शोषून घेतं आणि मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला उतरतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरासारखं गाडी पाण्याखाली जाणं हा वेगळा प्रकार, तिथे टाकी त्याच आठवड्यात रिकामी करून धुवायची असते, पुढच्या सर्व्हिसिंगला नव्हे.

आता किट. त्यात साधारणपणे ग्रीस काढणारं क्लीनर, फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजनाशक आणि एपॉक्सीचे दोन डबे असतात. गंजनाशकाची बाटली मात्र जड गंजाला पुरत नाही, कारण टाकी हलवत राहिलं तरी वरच्या भागाला ते नीट लागत नाही. त्यामुळे मुख्य काम सायट्रिक अ‍ॅसिडने करावं. स्प्लेंडरसारख्या ९.८ लिटरच्या टाकीला १ किलो, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. त्याआधी कपडे धुण्याच्या पावडरीच्या कढत पाण्याने दोनदा धुऊन पेट्रोलचा तेलकटपणा घालवा, नाहीतर अ‍ॅसिड गंजापर्यंत पोचतच नाही. कॉकच्या जागी रबर आणि पत्र्याची चकती बसवून टाकी हे अ‍ॅसिड विरघळवलेल्या गरम पाण्याने गळ्यापर्यंत भरा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. जवळ बिडी-काडी नको. दर चार-पाच तासांनी बघा, २४ तासांच्या वर ठेवू नका. पापुद्रे असतील तर भरण्याआधी जुनी टायमिंग चेन तारेला बांधून आत हलवा. मूठभर नट टाकायची पद्धत आहे, पण एखादा नट चासीच्या बोगद्यामागे (टाकीच्या तळाला चासी बसते त्या खोबणीमागे) अडकतो आणि तो काढण्यात दुपार जाते. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, ज्याने फरशी धुतात, ते वापरू नका. ते चांगला पत्राही खातं आणि शिवणीत राहिलेलं अ‍ॅसिड नंतर आतून काम करत राहतं.

अ‍ॅसिडनंतर भोकं दिसली तर दोष अ‍ॅसिडचा नाही. भोकं होतीच, गंजाने बुजलेली होती.

यानंतरचा अर्धा तास महत्त्वाचा. मोकळा झालेला पत्रा दमट हवेत बघता बघता पुन्हा नारिंगी होतो. खाडीकाठच्या आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने शेवटचं विसळणं म्हणजे मीठ चोळणंच. शेवटचं पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं. क्रम असा: टाकी रिकामी, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून एक धुणं, मग डिस्टिल्ड पाणी, लगेच किटमधलं फॉस्फोरिक गंजनाशक. त्याने पत्र्यावर राखाडी फॉस्फेटचा थर बसतो, गंज थोपतो आणि एपॉक्सीला पकड मिळते. कागदावर दिलेल्या वेळेनंतर पुन्हा डिस्टिल्ड पाणी, शेवटी २००-३०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून ओतून टाका. मग ब्लोअर, तोही अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्यावर, बाहेर अंगणात. सोडा घातलेलं पाणी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका.

एपॉक्सी लावायचा काळ मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ दुपारची. पावसाळ्यात हे काम कुणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. पत्र्यावर न दिसणारा दवाचा पडदा असतो, एपॉक्सी त्यावर बसतं आणि पुढे पापडासारखं सुटून कॉकच्या जाळीत येतं. वर पांढरट चिकट साय धरते ती वेगळीच. एप्रिल-मेमध्ये उलटी गंमत: २५ अंशांना अर्धा तास मिळतो तिथे ३५ अंशांना जेमतेम पंधरा मिनिटं. टाकी आधी तासभर उन्हात तापवा, डबे मात्र सावलीत गार ठेवा. दोन भागांचं प्रमाण वजनावर आहे की मापावर हे कागदावर बघा, अंदाजपंचे ओतलेलं एपॉक्सी आयुष्यभर चिकट राहतं. डब्यावर ‘इथेनॉल-प्रूफ’ लिहिलेलं नसेल तर ते किट कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

ओतल्यावर टाकी सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा, मग उरलेलं एपॉक्सी सगळं बाहेर काढा. इथे कंजूषपणा करणारे फसतात. तळाला साचलेलं जाड एपॉक्सी नीट सुकत नाही आणि पुढे उकलतं. कॉकच्या आट्यांना आधी ग्रीस लावलेला जुना बोल्ट बसवलेला असावा, तो एपॉक्सी जेलीसारखं झाल्यावर काढायचा. हवेच्या आणि निचऱ्याच्या नळीतून तार घालून फुंकर मारायची. इंजेक्शनच्या गाडीत पंप बसतो ती कड लगेच पुसा, नाहीतर पंपाची रबरी रिंग बसत नाही आणि पेट्रोल इंजिनवर ठिबकतं. मग चार दिवस टाकीला हात लावू नका. ‘उद्या गाडी देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजकडे हे काम सोपवू नये.

मोठ्या भोकांना झाळ, म्हणजे वितळवलेल्या शिशा-कथलाने भोक बुजवणं. बहुतेक तालुक्याच्या गावांत रेडिएटरचं काम करणारा असतो, टाकीला गॅस वेल्डिंगवाल्यापेक्षा तो बरा. वेल्डिंगच्या आचेत गंजलेला पातळ पत्रा वितळून भोक मोठं होतं. शिशा-कथलाची झाळ २०० अंशांच्या आसपास बसते, पत्रा शाबूत राहतो आणि रंगही बराच वाचतो. त्याला एकच प्रश्न विचारा: टाकीत आत काय भरणार? ‘रिकामीच आहे की’ असं उत्तर आलं तर टाकी उचलून चालू पडा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक, कारण हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीला स्फोट होतो. साबणाच्या पाण्याने धुऊन, भोकाच्या खालपर्यंत पाणी भरून, झाकण उघडं ठेवूनच आच लावतात. झाळ बसल्यावर नवसागर किंवा अ‍ॅसिड-फ्लक्स धुवून काढायला लावा, तो राहिला की तिथेच गंज सुरू. एपॉक्सी नेहमी झाळेनंतर, आधी केलं तर जळतं. पुट्टी चोपडणं फक्त घरी पोचण्यापुरतं.

नव्या टाकीचं गणित गाडीवर. स्प्लेंडर, प्लॅटिनासारख्या गाड्यांच्या टाक्या मिळतात, तळ कुजला असेल तर सरळ नवी घ्या. मात्र २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या मॉडेलला त्याच नावाची जुनी कार्ब्युरेटरवाली टाकी चालत नाही, खाली पंपाचं भोकच नसतं. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं, तिथे मूळ टाकी असेल तर झाळ आणि किट दोन्ही करण्यात अर्थ आहे. जुन्या बाजारातली घ्यायची असेल तर घाटावरच्या गाडीची बघा, आपल्याकडच्या टाकीपेक्षा आतून कोरडी निघण्याची शक्यता जास्त. डुप्लिकेट टाकी घेताना झाकणाचा गळा आपल्या कुलपाला बसतो का ते दुकानातच पाहा. गळती तपासायला सगळी भोकं बंद करून सायकलच्या पंपाने दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरा, शिवणीला साबणाचं पाणी लावा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, टाकी फुगते आणि परत बसत नाही.